यंत्र आणि संगणक यांमधला दुवा

अक्कलकोटहून दुधनीकडे जाताना लागणारे आमचे मैंदर्गी हे नगरपरिषदेचे गाव असले, तरी त्याचा जीव अजून ज्वारी-तुरीच्या हंगामावर टांगलेला आहे. आणि सीमेलगतच्या या गावात मराठी व कानडी या दोन्ही भाषा घराघरांत नांदत असल्यामुळे, एखादे नवे यंत्र आले म्हणजे त्याची चौकशीही दोन्ही भाषांतून होते. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या सुतारमामांच्या पत्र्याच्या छपरीत एक सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणारे यंत्र, आले, तेव्हा ही चौकशी महिनाभर चालली होती. सोलापुरातल्या एका हौशी गृहस्थाने स्वतःपुरते जुळवलेले, चार फूट लांब व तीन फूट रुंद मेजाचे, आणि त्या गृहस्थाची बदली झाल्यामुळे कमी किमतीत निकालात निघालेले ते यंत्र मामांनी देवघरांच्या कमानी व दरवाजांवरची नक्षी कोरण्यासाठी घेतले. अक्कलकोट हे स्वामी समर्थांचे क्षेत्र. तिथल्या भाविकांमुळे पंचक्रोशीत देवघरांना मागणी बारमाही, आणि पटाशीने चार दिवस खाणारी कमान यंत्र एका दुपारी कोरते हे मामांनी सोलापुरात डोळ्यांनी पाहिले होते. मी शाळेत विज्ञान शिकवून सेवानिवृत्त झालेला. मामांचा मुलगा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वायरमनचे शिक्षण घेऊन आलेला. त्या यंत्राशी आम्हा तिघांचा जो झगडा झाला, तो एका छपरीपुरता नाही, लहान गावांतल्या सर्व कारागिरांशी त्याचा संबंध आहे, अशी माझी खात्री झाली, म्हणून हे लिहितो.

संगणकाच्या पडद्यावर नक्षीचे रेखाचित्र असते. त्यावरून ‘इथून तिथवर इतक्या वेगाने जा, मग इतके खोल उतर’ अशा आज्ञांची यादी तयार होते, तिला या धंद्यात जी-कोड म्हणतात. यंत्राच्या बाजूला तीन दिशांना सरकवणाऱ्या स्टेपर मोटारी असतात आणि प्रत्येक मोटारीला वीज देणारा तिचा ड्रायव्हर असतो. या ड्रायव्हरला जी-कोड वाचता येत नाही. त्याला कळतात दोनच गोष्टी: दिशा कोणती, आणि एक स्पंद आला की एक पाऊल टाकायचे. अक्षरांत लिहिलेल्या आज्ञेचे स्पंदांच्या काटेकोर मालिकेत रूपांतर कोणी करायचे व कोठे बसून करायचे, यावर या हौशी यंत्रांचे सारे बरेवाईट अवलंबून असते.

मूळ मालकाच्या जुळणीत हे काम संगणक स्वतःच करीत असे. १९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला, तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षे संगणकाच्या पाठीवर छपाईयंत्रासाठी पंचवीस छिद्रांचे एक द्वार असे, त्याला पॅरलल पोर्ट म्हणत. त्याच्या एकेका टाचणीवरची वीज संगणकाला हवी त्या क्षणी चढवता-उतरवता येई. मध्ये कोणी अडत्या नव्हता, दलाल नव्हता. हौशी मंडळींनी हे हेरले आणि छपाईसाठी केलेल्या द्वारातून मोटारी चालवल्या. मॅक-थ्री या नावाची जी प्रणाली जगभरच्या हौशी कारखान्यांत पसरली, ती याच द्वाराच्या आधारावर. परंतु तिचा पॅरलल पोर्ट हाताळणारा सॉफ्टवेअर-ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाही, आणि नव्या संगणकांना ते द्वारच उरलेले नाही. त्यामुळे २०१४ च्या एप्रिलात मायक्रोसॉफ्टने ज्या विंडोज एक्सपीची देखभाल थांबवली, ती आजही अनेक छपऱ्यांत केवळ या एका द्वारापायी जिवंत ठेवलेली आढळते. मामांच्या यंत्रासोबत आलेला संगणक असाच होता. मागल्या उन्हाळ्यात त्याच्या मुख्य पट्टीवरचे कपॅसिटर फुगले आणि तो बंद पडला तो पडलाच.

घरात मुलीच्या शिक्षणासाठी घेतलेला लॅपटॉप होता. त्याला यूएसबीची द्वारे होती. मुलगा सोलापुरात एका दुकानात गेला आणि एका टोकाला यूएसबी व दुसऱ्या टोकाला पंचवीस टाचण्यांचा जोड असलेली छपाईयंत्राची वायर घेऊन आला. दुकानदाराने ‘चालेल’ असे सांगितले होते. वायर लावली, लॅपटॉपने ती ओळखली, आणि यंत्र जागचे हलले नाही. आम्ही तीन रात्री जोडण्या तपासल्या. दोष एकाही जोडणीत नव्हता. जी गोष्ट त्या वायरीच्या धर्मातच नव्हती तिची अपेक्षा आम्ही तिच्याकडून करीत होतो. ती वायर छपाईयंत्राला मजकुराच्या पुड्या पोचवते, एकेका टाचणीवर ठरल्या क्षणी वीज चढवण्याची मुखत्यारी तिला नसते. या एका अज्ञानापायी किती गावांतून किती पैसे असे वाया गेले असतील, याचा विचार माझ्या मनातून जात नाही, कारण हे सांगणारा मराठीतला चार ओळींचा कागदही त्या दुकानात नव्हता.

इथे थोडे गणित करणे भाग आहे. मोटारीच्या एका फेऱ्याची २०० पावले. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे दहा भाग करतो, म्हणून फेऱ्याला २,००० स्पंद. मामांच्या यंत्रातल्या स्क्रूची चाल एका फेऱ्याला ५ मिलिमीटर, तेव्हा एक मिलिमीटर सरकायला ४०० स्पंद लागले. लाकडावरून मिनिटाला ३ मीटर या वेगाने जायचे, तर सेकंदाला ५० मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला २०,००० स्पंद, म्हणजे दर ५० मायक्रोसेकंदांना एक. आता यूएसबीची रीत पाहा. १९९६ साली ती आली ती टपालाच्या पद्धतीने: संगणकाने ठरवलेल्या वेळी थैली निघते, तिच्यात जे असेल ते जाते, आणि दोन थैल्यांमध्ये एक मिलिसेकंदाचे अंतर असते. पुढल्या वेगवान आवृत्तीत त्या मिलिसेकंदाचे आठ भाग झाले, तरी एकेक भाग १२५ मायक्रोसेकंदांचा राहिलाच. त्यातही थैली भरणारा संगणक म्हणजे एखादी गजबजलेली कचेरीच; तिथे पडदा रंगवायचा असतो, विषाणूंची झडती घ्यायची असते, कुठले तरी अद्ययावतीकरण मध्येच दरखास्त घेऊन उभे राहते, आणि अमुक काम अमुक क्षणी झालेच पाहिजे असे बंधन विंडोजने स्वतःवर कधी घेतलेले नाही. अशा कचेरीतून थैली निघून पोचेपर्यंत वीसपंचवीस स्पंदांची वेळ टळून गेलेली असते.

म्हणून यावर उपाय निघाला तो असा की, स्पंद टपालाने पाठवायचेच नाहीत. टपालाने हुकूम पाठवायचा, आणि हुकमाची बिनचूक तामिली करणारा विश्वासू कारकून यंत्राच्या दारातच बसवायचा. यूएसबी मोशन कंट्रोलर म्हणतात तो हा कारकून. त्याच्यापाशी स्वतःची स्मृती असते, तीत पुढल्या काही हालचालींचे हुकूम आगाऊ जमा असतात, आणि स्वतःच्या स्फटिक-घड्याळावर तो एकेक स्पंद मोजून सोडतो. अमेरिकेतला स्मूथस्टेपर, हंगेरीतला यूसी-१००, स्लोव्हेनियातला पोकीज ही या वर्गातली नामवंत मंडळी; त्यांतली काही मॅक-थ्रीला संगणकावरच ठेवून फक्त स्पंदांचे काम आपल्याकडे घेतात. दुसरा मार्ग याहून साधा आहे, आणि मला तो अधिक आवडतो. नॉर्वेतल्या सिमेन स्वाले स्कोग्सेथ या गृहस्थाने २००९ साली ग्रबल नावाची एक आज्ञाप्रणाली लिहून सर्वांसाठी खुली केली. इटलीतल्या इव्रेया गावी २००५ साली जन्मलेल्या अर्दुइनो या स्वस्त पट्टीवर ती बसते. त्या पट्टीवरच्या चिपेला अवघी ३२ किलोबाइटांची कायम स्मृती आणि १६ मेगाहर्ट्झचे घड्याळ, पण तेवढ्यावर ती सेकंदाला सुमारे ३०,००० स्पंद सोडू शकते. मामांच्या यंत्राची गरज २०,००० ची. जी-कोडाची ओळ जशीच्या तशी तिच्याकडे पाठवायची, अर्थ लावणे, वेग चढवणे-उतरवणे हे सारे तीच करते. तिची सर्वांत थोर गोष्ट ही की, हाती असलेल्या हुकमांच्या अखेरीस आपल्याला थांबावे लागेल हे धरूनच ती वेग ठरवते. त्यामुळे कचेरीकडून थैली उशिरा आली तर ती गोंधळत नाही, वेग उतरवून शांतपणे थांबते आणि थैली येताच जिथून सोडले तिथून पुढे निघते. एकही पाऊल मोजणीतून सुटत नाही.

आम्ही ही पट्टी बसवली. पहिल्या दिवशी १०० मिलिमीटर सरकण्याचा हुकूम दिला, व्हर्नियरने मोजले, आणि काटा बरोबर शंभरावर आला तेव्हा मामांनी व्हर्नियर हातातून घेऊन पुन्हा स्वतः मोजले. मग सागवानाची फळी चढली. कमानीचा अर्धा वेल उतरला असेल नसेल, तोच लॅपटॉपने वायर निघाल्याचा आवाज केला, मोटारी थांबल्या, आणि कोरणारे पाते फिरवणारे स्पिंडल मात्र मिनिटाला अठरा हजार फेऱ्यांनी एकाच जागी फिरत राहिले. धूर निघाला. मामांनी भिंतीवरचा स्विच ओढला तोवर फळीत एक काळे भोक पडले होते. वायर कोणी काढली नव्हती.

या दोषाचा शोध घ्यायला आम्हाला पंधरा दिवस लागले, आणि हौशी यंत्रांच्या बाबतीत सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट हीच असल्यामुळे ती सविस्तर सांगतो. स्पिंडलचा वेग ज्या पेटीने बदलतो, त्या व्हीएफडीमध्ये वीज सेकंदाला हजारो वेळा तोडली-जोडली जाते. तिच्यापासून स्पिंडलपर्यंत जाणारी वायर म्हणजे भोवतालच्या वायरींना सतत त्रास देणारा एक ध्वनिक्षेपकच. आमची यूएसबी वायर तीन मीटर लांबीची, आणि सोयीसाठी त्याच वायरीला दोराने बांधलेली. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवला तेव्हा दोष कमी झाला, यावरून मुलाने ताडले की जमिनीकडे जाणारे मार्ग दोन होत आहेत आणि त्यांच्यात तंटा आहे. मग त्याने अर्थिंगचा खड्डा तपासला. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात ती फाटते, भेगांतून हात जाईल इतकी फाटते, आणि खड्ड्यातली पट्टी त्या भेगेत कोरड्या हवेत लोंबकळत होती. कोळसा, मीठ, ओली माती भरून, वर पाणी घालण्याची नळी ठेवून खड्डा नव्याने केला. स्पिंडलला शील्डची वायर घालून तिचे कवच अर्थिंगला जोडले. यूएसबी वायर एक मीटरची घेतली, तिला फेराइटचे कडे अडकवले आणि ती मेजाच्या दुसऱ्या अंगाने नेली. त्यानंतर तो दोष आलेला नाही. ज्याला यंत्र मोठे करायचे आहे व संगणक दूर ठेवायचा आहे, त्याने यूएसबीऐवजी इथरनेटचा कंट्रोलर घ्यावा, कारण इथरनेटच्या प्रत्येक टोकाला लहानसे रोहित्र असते व त्यामुळे दोन बाजूंचा विजेचा थेट संबंधच राहत नाही. परंतु लहान मेजाला यूएसबी पुरे आहे, अर्थिंग नीट असेल तर.

लाल रंगाचे इमर्जन्सी बटणही मुलाने तेव्हाच बसवले, आणि ते पट्टीच्या टाचणीला न जोडता थेट स्पिंडल व ड्रायव्हर यांच्या विजेच्या वाटेवर कॉन्टॅक्टर घालून जोडले. संगणक झोपला, पट्टी बिघडली, आज्ञाप्रणाली अडकली तरी त्या बटणाने वीज तुटलीच पाहिजे. मामा तेव्हा म्हणाले, “गुरुजी, यंत्राला जायचं कळतंय, थांबायचं कळत नाही. ते आपल्यालाच बांधून द्यावं लागतंय.” ज्यांच्या यंत्रावर हे बटण केवळ पडद्यावरचे चित्र आहे, त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी ते बदलावे.

आता मी माझ्या मूळ म्हणण्याकडे येतो. या साऱ्या प्रकरणात यंत्राचे लोखंड आपल्याकडे होते, संगणक घरात होता, लाकूड होते, हात तर पिढ्यांचे तयार होते. उणीव होती ती फक्त मधल्या दुव्याच्या ज्ञानाची. आपल्या सोलापूर जिल्ह्याला तर हे ज्ञान परके असण्याचे काही कारण नव्हते. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर जकार्डवर विणली जाते. फ्रान्समधल्या लियों शहरी जकार या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केलेल्या त्या साधनात पुठ्ठ्याच्या कार्डांना पाडलेली भोके ताण्याचा कोणता धागा उचलायचा हे ठरवतात. भोक आहे तर धागा वर, नाही तर खाली. १९५२ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने आकड्यांवर चालणारे पहिले मिलिंग यंत्र दाखवले, तेव्हा त्याला आज्ञा देणारी कागदी फीतही भोकांचीच होती. नक्षी, तिची सांकेतिक नोंद आणि ती नोंद वाचून हलणारे यंत्र, हा त्रिकोण सोलापूरच्या कारखान्यांत कितीतरी पिढ्यांनी हाताळला आहे. कार्डे पाडणारा माणूस त्याच पेठेत राहत असे. कार्ड फाटले तर संध्याकाळपर्यंत नवे होई. नक्षीचा दुवा हाताशी होता, म्हणून माग थांबत नसे.

आज लाकडाच्या नक्षीकामाची जी तयार यंत्रे विकली जातात, त्यांना बहुधा हातात धरायचा एक बंद कंट्रोलर येतो. पेनड्राइव्ह लावायची आणि काम सुरू करायचे. रोजच्या धंद्याला ही सोय उत्तम आहे, तिची निंदा मी करणार नाही. माझी हरकत आहे ती त्याच्यासोबत जे दिले जात नाही त्याला. विद्युत जोडणीचा नकाशा नाही, एका मिलिमीटरला किती स्पंद यासारख्या सेटिंगांची लेखी यादी नाही, सेटिंग पुसले गेले तर काय करावे याचा एक शब्द नाही; मग पुण्याहून माणूस येईपर्यंत यंत्र गोणपाटाखाली झाकून ठेवायचे. आणि ज्यांची यंत्रे संगणकावर चालतात, त्यांतल्या कित्येकांकडे प्रणालीची चोरलेली प्रत असते. चोरीच्या प्रतीचा दोष केवळ नीतीचा नाही. तिच्याबद्दल कोणाला प्रश्न विचारता येत नाही, तिची दुरुस्ती मिळत नाही, आणि तिच्यासोबत काय काय संगणकात शिरले याची खातरजमा होत नाही. ग्रबल असो की लिनक्ससीएनसी असो, खुल्या प्रणाली फुकट व कायदेशीर उपलब्ध असताना कारागिराने चोरीच्या प्रतीचे ओझे वाहावे, हे केवळ त्याला कोणी सांगितले नाही म्हणून घडते.

सांगणारी माणसे महाराष्ट्रात झालीच नाहीत असे नाही. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करीत शिकणे हेच खरे शिक्षण, आणि ते खेड्यातल्या मुलामुलींना खेड्यातच मिळाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. मॅसॅच्युसेट्सच्या त्याच संस्थेतले नील गर्शेनफेल्ड यांनी फॅब लॅबची, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या खुल्या कार्यशाळेची, कल्पना मांडली, तेव्हा त्या संस्थेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबांपैकी एक २००२ मध्ये पाबळला उभी राहिली. दुष्काळी टापूतल्या त्या गावात हे होऊ शकले, तर ते अक्कलकोट तालुक्यात का होऊ नये, याचे समाधानकारक उत्तर मला कोणी दिलेले नाही.

शासनाकडे माझे मागणे फार मोठ्या रकमेचे नाही. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली; तिच्या अठरा व्यवसायांत सुताराचा समावेश आहे, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची तजवीज आहे, पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज आहे आणि त्याआधी काही दिवसांचे प्रशिक्षण आहे. त्या प्रशिक्षणातला एक दिवस या दुव्याला द्यावा. राज्यात चारशेहून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. तालुक्याच्या संस्थेत एक लहान, उघडे, मुलांनी स्वतः जुळवलेले मेज असावे, ज्याची प्रत्येक वायर दिसते आणि प्रत्येक सेटिंग बदलता येते. वायरमनच्या मुलाला त्यावर अर्थिंग व शील्ड यांचा धडा द्यावा, फिटरच्या मुलाला स्क्रूच्या चालीचा. लाखो रुपयांचे काचेआडचे मोठे यंत्र एक असण्यापेक्षा अशी दहा मेजे मला अधिक मोलाची वाटतात, कारण काचेआडच्या यंत्रावर मुलगा बटण दाबायला शिकतो आणि उघड्या मेजावर दोष काढायला शिकतो. आणि ज्या यंत्राच्या खरेदीला शासनाचे अनुदान किंवा शासनाच्या हमीचे कर्ज असेल, त्या यंत्राच्या विक्रेत्याने जोडणीचा नकाशा व सेटिंगांची यादी मराठीत लेखी दिल्याशिवाय त्याचे देयक मंजूर करू नये. हा एका ओळीचा हुकूम आहे. जिल्हा उद्योग केंद्राने तो काढण्याची शिफारस करावी, अशी माझी जाहीर विनंती आहे.

मामांच्या छपरीत खुंटीला एक शंभर पानी वही टांगलेली आहे. तिच्यात कोणत्या टाचणीला कोणत्या रंगाची वायर, एका मिलिमीटरला किती स्पंद, सागवानाला किती वेग व बाभळीला किती, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कोणत्या तारखेला घातले, हे सारे मुलाने मराठीत लिहिले आहे आणि समोरच्या पानावर त्याच्या मित्राने कानडीत. आतापर्यंत दुधनीचे दोघे व आळंदचा एकजण ती उतरवून घेऊन गेले आहेत. ज्यांच्याकडे असे यंत्र बंद पडून आहे त्यांनी मैंदर्गीला यावे. वही उतरवून घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही.